इच्छा मागून आली

गर्द, म्हणजे हेरॉइनची ब्राऊन शुगर, सोडायचा तर आधी मनापासून इच्छा पाहिजे, असं मला सगळ्यांनी सांगितलं. आईने सांगितलं, प्रेसच्या मालकांनी सांगितलं, चौकीतल्या हवालदारानेही सांगितलं. माझ्याकडे ती इच्छा नव्हती. रात्री असलीच तर सकाळी चहाच्या आत संपलेली असायची. ज्यांच्या घरात कोणी ब्राऊन शुगर, एमडी नावाची पावडर किंवा गोळ्यांमध्ये अडकलंय आणि जे "त्याची स्वतःचीच इच्छा नाही हो, आम्ही काय करणार" असं म्हणून हात टेकून बसलेत, त्यांच्यासाठी हे लिहितोय. माझ्या बाबतीत इच्छा सगळ्यात शेवटी आली. तोवर बरंच काही तिच्याशिवायच झालं होतं.

मी लोअर परळच्या एका छापखान्यात ऑफसेट मशीनवर मशीनमन आहे. राहायला डोंबिवलीत. गर्दाची सुरुवात कशी झाली ते फार सांगत नाही. नाइट शिफ्ट, दोन मित्र, चांदीच्या पन्नीवर एक ओढ. बाकीच्यांच्या कहाण्या ऐकल्या तर त्याही अशाच निघतात. पहिल्या काही महिन्यांनंतर मजा नावाची गोष्ट उरली नाही. ओढायचो ते आजारी पडू नये म्हणून.

हा आजार काय असतो ते घरच्यांना नीट कळायला हवं. शेवटच्या ओढीनंतर आठ-दहा तासांनी जांभया सुरू होतात. नाक-डोळे गळायला लागतात, अंगावर काटा येतो, पोटात मुरडा, जुलाब, पायांत गोळे. झोप येत नाही आणि पाय आपोआप झाडले जातात. याला सगळे टर्की म्हणतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ती सगळ्यात जोरात असते आणि साधारण आठवड्याभरात उतरते. निरोगी माणूस यात सहसा मरत नाही, पण पाच मिनिटांत हे सगळं थांबवणारी पुडी कुठे मिळते हे त्याला पक्कं माहीत असतं. मी मुलाच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली तेव्हा ती खरी होती, त्यात तसूभरही खोट नव्हती. फक्त शपथ घेताना मी टर्कीत नव्हतो आणि मोडताना होतो. घरचे मला खोटारडा म्हणायचे, मीही स्वतःला तेच म्हणायचो, आणि त्याने कोणाचंच काही भलं झालं नाही.

एकदा मला झोपेतून उचलून एका ठिकाणी नेऊन टाकलं. नाव लिहीत नाही. खोलीला बाहेरून कडी, पहारा देणाऱ्या पोरांच्या हातात पाइप, रात्री आरडाओरडा केला की मार. तिथे मी बरेच दिवस एक कणही घेतला नाही. घेणार तरी कुठून? सुटून आलो त्या दिवशी घरी पोचायच्या आधी पुडी घेतली होती. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारू आणि ड्रग्जशी जोडलेले आजारही येतात, आणि रुग्णाला साखळीने बांधायला त्यात बंदी आहे, हे मला नंतर समजलं. कायदा बाजूला ठेवला तरी माझं म्हणणं एवढंच आहे की कोंडून ठेवून माणूस थांबवता येतो, बदलता येत नाही. तिथून निघताना माझ्या मनात सूड होता. दुसरं काहीच नव्हतं.

बायको मुलाला घेऊन कराडला माहेरी गेली. त्यानंतर ताईने, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीने, १४४४६ या सरकारी हेल्पलाइनवर फोन केला. तिला सगळ्यात मोठी भीती पोलिसांची होती. उपचाराला नेलं आणि त्यांनीच केस केली तर? अमली पदार्थांविषयीच्या एनडीपीएस कायद्यातल्या ६४ए कलमानुसार, थोड्या प्रमाणाच्या किंवा सेवनाच्या गुन्ह्यात अडकलेला व्यसनी स्वतःहून सरकारमान्य केंद्रात उपचाराला गेला, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं. ताईला हे एका ओळखीच्या वकिलाकडून पक्कं करून घ्यावं लागलं. ही माहिती प्रत्येक वस्तीत फलकावर लावायला हवी. किती घरं फक्त या भीतीपोटी दार लावून बसतात.

आपल्याकडे १९८६मध्ये डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी पुण्यात मुक्तांगण सुरू केलं. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे मागे उभे राहिले. पस्तीस दिवस राहून उपचार घ्यायचे, आणि व्यसनी माणसाला गुन्हेगार न मानता रुग्ण मानायचं, ही रीत तिथे रुजली. तिथे बरे झालेलेच पुढे दुसऱ्यांना सांभाळायला उभे राहिले. मी गेलो ते केंद्र वेगळं होतं, पण रीत हीच. व्यसन सोडणाऱ्यांच्या आमच्या गटात कोणाची ओळख बाहेर न सांगण्याची परंपरा आहे, म्हणून केंद्राचं नावही इथे देत नाही.

टर्की डॉक्टरांनी औषधांवर काढली. जिभेखाली ठेवायची गोळी, ती हळूहळू कमी करत आणलेली. त्रास झाला, पण पूर्वी घरी सोसला होता त्याच्या पाव भागसुद्धा नाही. पहिल्यांदा वाटलं, हे इतके दिवस आपण उगाच कोरडं सोसत होतो.

आता मॅडमबद्दल. आमच्या समुपदेशक. पहिल्या बैठकीत त्यांनी कागदावर एक आडवी रेघ मारली, एका टोकाला शून्य, दुसऱ्या टोकाला दहा.

"सोडायची तयारी किती आहे? खरं सांगा. मला बरं वाटावं म्हणून सांगू नका."

मी म्हटलं, "दोन."

मला वाटलं आता भाषण मिळणार. मुलाचा विचार करा, आईचं वय बघा. दोनाचे आठ करायला लावणार. त्यांनी विचारलं, "दोन का? शून्य का नाही म्हणालात?"

मला उत्तर सुचेना. बराच वेळ रेघेकडे बघत बसलो. मग म्हटलं, "मशीनवर हात थरथरतात. चार रंगांचं काम असतं, एकावर एक रंग नेमका बसावा लागतो, रजिस्टर म्हणतो आम्ही. पूर्वी मी भिंगाने नुसतं बघून सांगायचो, सायन, म्हणजे निळा रंग, केसभर सरकलाय. आता मालक मला एका रंगाची बिलबुकं देतात."

त्या काही बोलल्या नाहीत. फक्त दोनाच्या बाजूला लिहिलं, "चार रंगांचं काम." कागद माझ्याकडे सरकवला. म्हणाल्या, "एवढ्यावर सुरू करू. दोन पुरेसे आहेत."

शून्य का नाही, हे विचारण्याची ही पद्धत आहे आणि जगभर समुपदेशक ती वापरतात, हे पुढे कळलं. विल्यम मिलर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९८३मध्ये दारूच्या रुग्णांबाबत या धाटणीच्या संवादाची मांडणी पहिल्यांदा केली. बदलायचं कारण दुसऱ्याने सांगितलं की माणूस वाद घालतो. तेच कारण स्वतःच्या तोंडून निघालं की त्याला धरून राहतो. माझ्या तोंडून मुलाचं नाव आधी निघालं नाही, छापखाना निघाला. मला त्याची लाज वाटली होती. मॅडमना वाटली नाही.

केंद्रात रोजचा दिवस आखलेला असायचा. सकाळी व्यायाम, मग श्रमदान, गटात बोलणं, दुपारी लिखाण, संध्याकाळी प्रार्थना. मला यातलं काहीच आवडायचं नाही. प्रार्थनेला तर तोंड मिटून उभा राहायचो. तिथले एक काका, बेस्टमधून निवृत्त झालेले ड्रायव्हर, दर रविवारी यायचे. ते पुष्कळ वर्षं क्लीन होते. पुढे तेच माझे स्पॉन्सर झाले, म्हणजे रोज ज्यांना फोन करायचा ते. नार्कोटिक्स अॅनॉनिमस, म्हणजे ड्रग्ज सोडणाऱ्यांनी एकमेकांना सांभाळायचं मंडळ, १९५३मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झालं, त्याच्याही आधीच्या, दारू सोडणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या बारा पायऱ्यांवर. त्या पायऱ्या काकांना पाठ होत्या, पण त्या त्यांनी मला लगेच शिकवल्या नाहीत. एवढंच म्हणाले, "तुला पटायची वाट बघू नकोस. सांगतो ते आधी कर. वाद आपण नंतर घालू, मी कुठे जात नाही."

हे वाक्य मला तेव्हा अपमानाचं वाटलं. आज वाटतं, माझ्या बाबतीत बदलायची तयारी म्हणजे एवढंच होतं. मन तयार नसताना दुसऱ्याचं शहाणपण थोड्या दिवसांसाठी उसनं घ्यायचं. ज्या डोक्याने मला इथवर आणलं त्याच डोक्याला प्रत्येक गोष्ट पटवून मग करायची म्हटली असती, तर मी आजही पन्नी शोधत असतो.

बाहेर आल्यावरच्या व्यवस्था काका, ताई आणि मी बसून ठरवल्या. पगार ताईच्या खात्यात. माझ्या खिशात पास, डबा आणि चहापुरते सुट्टे. जुना नंबर बंद. दुसरी व्यवस्था गोळीची. नॅल्ट्रेक्सोन म्हणून औषध आहे, ते रोज घेतलं तर गर्द घेऊनही चढत नाही. अंगात गर्दाचा अंश असताना ते घेतलं तर भयंकर टर्की बसते, म्हणून सात ते दहा दिवस पूर्ण कोरडे गेल्यावरच डॉक्टर सुरू करतात, आधी लिव्हरची तपासणी करून. त्यावर मात करायला जास्त गर्द ओढायला गेलं तर जीव जाऊ शकतो, हेही ते बजावून सांगतात. ताई रोज सकाळी गोळी माझ्या तळहातावर ठेवायची आणि पाणी पिईपर्यंत समोर उभी राहायची.

त्या गोळीने मला संयमाबद्दल जे शिकवलं ते कुठल्या प्रवचनाने शिकवलं नाही. सकाळी सात वाजता मला गर्द नको असायचा. संध्याकाळी सात वाजता हवा असायचा. सकाळच्या माणसाने गोळी घेऊन टाकली की संध्याकाळच्या माणसाला लढायचं कारणच उरायचं नाही. दात-ओठ खाऊन तलफ दाबणं म्हणजे संयम, असं मी समजत होतो. तो मला कधीच जमला नाही. जमलं ते हे, की लढाईची वेळ यायच्या आधी, डोकं थंड असताना, वाट बदलून ठेवायची.

तशीच एक वाट लोकलची होती. माझा पुडीवाला ज्या स्टेशनबाहेर उभा राहायचा ते मधलं छोटं स्टेशन. तिथे स्लो गाडी थांबते, फास्ट थांबत नाही. मी वर्षानुवर्षं स्लोने जायचो आणि सांगायचो की फास्टला गर्दी फार. काकांनी फर्मान काढलं: येताना-जाताना फास्ट. दादरला उतरायचं आणि तिथून पुढे जायचं. गर्दीत चेंगरून जाणं मला परवडेल, म्हणाले, स्लोने जाणं परवडणार नाही.

पावसाळ्यात एका संध्याकाळी रुळांवर पाणी आलं आणि आमची फास्ट बरोबर त्याच स्टेशनासमोर थांबली. दहा मिनिटं झाली, वीस झाली. पंखे बंद. लोक दारातून खाली उड्या मारून प्लॅटफॉर्मकडे चालायला लागले. मी दारातच होतो. तोवर नॅल्ट्रेक्सोन डॉक्टरांनी बंद केलं होतं. समोर तो पूल, तो जिना, जिन्याखालची ती पानटपरी. तोंडाला पाणी सुटलं आणि पोटात मुरडा आला, टर्कीचाच मुरडा, इतक्या महिन्यांनी. शरीराला जागासुद्धा आठवते. खिशात पैसे नव्हते, पण उधारीवर देणारा तिथेच होता.

काकांना फोन लावला. त्यांनी काही समजावलं नाही. विचारलं, "कुठे उभा आहेस?"

"दारात."

"आत ये. दोन सीटच्या मध्ये, खिडकीकडे. आलास का?"

लोक शिव्या देत होते, तरी घुसलो.

"आता शेजारी कोण आहे?"

"एक म्हातारे गृहस्थ आहेत. घाम आलाय त्यांना."

"पाणी आहे तुझ्याकडे? दे त्यांना. कुठे जायचंय विचार. मला मग सांग."

त्यांना कल्याणला जायचं होतं, पायाचं ऑपरेशन झालं होतं, खाली उडी मारणं शक्य नव्हतं. मी त्यांना वर्तमानपत्राने वारा घालत राहिलो. तलफेची लाट सहसा अर्ध्या तासाच्या आत उतरते असं केंद्रात शिकवलं होतं. खरोखरच उतरली. गाडी सुटली तेव्हा मी त्या पुलाकडे बघितलंसुद्धा नव्हतं.

नंतर हे मॅडमना सांगितलं तेव्हा त्यांनी व्हिएतनाम युद्धातल्या सैनिकांची गोष्ट सांगितली. १९७०च्या दशकात तिथे पुष्कळ अमेरिकन सैनिक हेरॉइनच्या आहारी गेले होते. ली रॉबिन्स या संशोधिकेने ते मायदेशी परतल्यावर त्यांचा माग घेतला. तिथे व्यसनात असलेल्यांपैकी परतल्यावर पहिल्या वर्षात पुन्हा व्यसनी झालेले फार थोडे निघाले, शंभरात पाचेक. जागा सुटली, माणसं सुटली, आणि बहुतेकांचं व्यसन सुटलं. आपल्याला देश बदलता येत नाही, मॅडम म्हणाल्या, पण लोकल बदलता येते. माझ्यासारख्याला नोकरी, घर, आई सगळं त्याच शहरात ठेवून हे करायचं असतं, आणि ते जास्त अवघड आहे, हेही त्यांनी मान्य केलं.

माझ्याबरोबर केंद्रात असलेला एक मुलगा, नाशिककडचा, हसरा, पेटी वाजवायचा. तो बाहेर गेला आणि काही आठवड्यांनी पूर्वी घ्यायचा तेवढाच गर्द एकदा घेतला. थांबल्यावर शरीराची सवय मोडते, जुना डोस झेपत नाही, श्वास थांबतो. तो गेला. घरच्यांनी हे लक्षात ठेवावं: केंद्रातून परतल्यावरचे दिवस सगळ्यात धोक्याचे असतात. "सुधारून आलाय" म्हणून त्याच दिवशी गाडीची किल्ली आणि पैसे हातात देऊ नका. त्याला वाईट वाटेल, वाटू दे. त्या नाशिककडच्या मुलाच्या आईला मी अजून फोन करतो.

गर्द सुटला म्हणून स्वभाव सुटत नाही. मी भयंकर रागीट होतो, आणि गर्दाने तो राग झाकला होता. मशीनवरचं रबरी ब्लँकेट फाटलं की हेल्परवर ओरडायचो. काकांनी चार गोष्टी तपासायला सांगितल्या: भूक, राग, एकटेपणा, थकवा. यातल्या दोन एकदम असल्या की घरी जायचं नाही, गटाच्या मीटिंगला जायचं. बहुतेक वेळा भूकच निघायची. डबा वेळेवर खाल्ला की अर्धी भांडणं मिटायची, हे लिहिताना साधं वाटतं, पण त्या हेल्परला विचारा.

देणीही होती. कॅन्टीनवाल्याची उधारी, मालकांची उचल, भावजींची विकलेली मोटरसायकल. हप्त्याने फेडली. मोटरसायकलचे पैसे भावजी घेईनात. काका म्हणाले, त्यांना नको असले तरी तुला द्यायचेत. शेवटी भाचीच्या कॉलेजच्या फीमध्ये वळवले.

आणि इच्छा? एका सकाळी ताईला तिच्या घरी काहीतरी अडचण होती, ती आली नाही. गोळ्यांचं पाकीट तिच्याकडे. मी अंघोळ करून, डबा भरून तयार होतो, आणि लक्षात आलं की मी दारात उभा राहून तिची वाट बघतोय. मी फोन केला, "ताई, माझी गोळी राहिली." ती पलीकडे रडायला लागली. मला आधी कळेना का. त्याच दिवशी संध्याकाळी काकांना सांगितलं, तर म्हणाले, "आज तुझी तुला आली." केंद्रात पाय ठेवल्याला तोवर बराच काळ झाला होता. त्या काळात मी जे जे केलं, त्यातलं बहुतेक मनाविरुद्ध केलं होतं.

गेल्या वर्षी हर्नियाचं ऑपरेशन निघालं. अशा वेळी वेदनेवर जी जोरदार इंजेक्शनं देतात त्यांत गर्दाच्याच जातीची औषधं असतात. मी सर्जनना पहिल्याच भेटीत सगळं सांगितलं, भूलतज्ज्ञांनाही. दोघांनी नीट ऐकून घेतलं. शक्य तितकं साध्या वेदनाशामकांवर आणि जागेवर भूल देऊन भागवायचं, अगदीच लागलं तर वॉर्डात सिस्टरच्या हातून एखादं इंजेक्शन, घरी तसली गोळी द्यायची नाही, असं ठरलं. पहिल्या रात्री दुखलं, खूप दुखलं. सिस्टरने विचारलं, हवंय का? मी म्हटलं, तासाभराने विचारा. तासाभराने परत विचारलं, तोवर साध्या औषधाने डोळा लागत होता. दुखत असेल तर औषध घेण्यात काही पाप नाही, हे काकांनी मला आधीच सांगून ठेवलं होतं. लपवून घेऊ नकोस, एवढीच त्यांची अट होती.

टाके काढायला गेलो तेव्हा सर्जनने फाईलच्या पहिल्याच पानावर लाल पेनाने लिहिलेलं दाखवलं, की या रुग्णाला अफूवर्गीय औषधं टाळावीत, रुग्णाने स्वतः माहिती दिली आहे. दाताच्या डॉक्टरकडेही आता मी ती फाईल आधी पुढे करतो. एक झेरॉक्स ताईकडे आहे. दुसरी कराडला पाठवली, बायकोने फोनवर मागितली म्हणून.